सर्व्हरच्या निविदेत नेटवर्क कार्डाला एकच ओळ का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नगरपरिषदा, नागरी सहकारी बँका, महाविद्यालये, मोठी रुग्णालये यांच्या सर्व्हर खरेदीच्या निविदांत प्रोसेसर, रॅम आणि डिस्क यांवर पानभर मजकूर असतो. नेटवर्कच्या वाट्याला बहुधा एकच ओळ येते : ‘१० जीबीपीएस, दोन पोर्ट’. खरेदी जेम या सरकारी खरेदी पोर्टलवरून झाली तरी यात फारसा फरक पडत नाही. सर्व्हर येतो, पोर्टचा हिरवा दिवा लागतो, पिंगला, म्हणजे जोडणी तपासणाऱ्या हाकेला, उत्तर मिळते आणि काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही होते. पुढे ‘सर्व्हर हळू चालतो’ अशी ओरड सुरू झाली की थेट नव्या सर्व्हरचा प्रस्ताव तयार होतो. हा पैसा लोकांचा असतो. म्हणून प्रस्तावावर सही करण्याआधी नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम), फर्मवेअर (कार्डाच्या आतला प्रोग्रॅम) आणि ऑफलोड (प्रोसेसरचे काम कार्डाने उचलणे) एकदा नीट तपासावेत, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. आपल्या वाचकांत सर्व्हर खोल्या सांभाळणारे पुष्कळ जण आहेत, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहोत.

आधी थोडा हिशेब. १० जीबीपीएसच्या लिंकवर १५०० बाइटांची पॅकेट सलग आली, तर हेडर, प्रीॲम्बल आणि दोन फ्रेममधली मोकळी जागा धरून सेकंदाला सुमारे ८ लाख १२ हजार पॅकेट होतात. एका पॅकेटच्या वाट्याला १.२३ मायक्रोसेकंद येतो. हे सगळे एकाच कोअरने, पॅकेटमागून पॅकेट करत उपसायचे म्हटले तर तो कोअर शंभर टक्क्यांवर जाऊन बसतो आणि बाकीचे कोअर रिकामे राहतात. ऑफलोड आहे तो हा भार कमी करण्यासाठी. टीसीपी सेगमेंटेशन ऑफलोड, म्हणजे टीएसओ, चालू असेल तर कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, ६४ किलोबाइटांपर्यंतचा एकच मोठा तुकडा कार्डाकडे सोपवतो आणि कार्ड त्याची सुमारे ४५ पॅकेट पाडते. चेकसमही, म्हणजे पॅकेट वाटेत बिघडले का हे तपासण्याची बेरीजही, कार्डच काढते. येणाऱ्या बाजूला आरएसएस ही सोय वेगवेगळ्या जोडण्या वेगवेगळ्या क्यूंत, म्हणजे रांगांत, आणि पर्यायाने वेगवेगळ्या कोअरवर वाटून देते. ही क्षमता कार्डाच्या किमतीतच धरलेली असते. ती वापरात आहे की नाही, एवढेच पाहायचे आहे.

सुरुवात कार्ड ओळखण्यापासून करावी. लिनक्सवर ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा एनएनके या पर्यायासह दिली की प्रत्येक कार्डापुढे दोन संख्यांची जोडी आणि वापरात असलेला ड्रायव्हर दिसतो. पहिली संख्या निर्मात्याची : इंटेल ८०८६, ब्रॉडकॉम १४ई४, मेलानॉक्स १५बी३. दुसरी संख्या चिपची. ८०८६:१५७२ म्हणजे इंटेल एक्स७१० चे एसएफपी प्लस कार्ड, त्याचा ड्रायव्हर आय४०ई. ८२५९९ या जुन्या चिपला आयएक्सजीबीई, ई८१० ला आइस, ब्रॉडकॉमच्या १ जीबीपीएसच्या ५७२० ला टीजी३, २५ जीबीपीएसच्या ५७४१४ ला बीएनएक्सटी आणि कनेक्टएक्स-४ पासून पुढच्या कार्डांना एमएलएक्स५. खोक्यावरच्या नावावर विसंबू नये. एकाच नावाखाली वेगवेगळ्या चिप विकल्या जातात.

मग एथटूल, म्हणजे लिनक्सवर कार्डाच्या सेटिंग पाहण्याचे आणि बदलण्याचे साधन. या साधनात आज्ञेचे अक्षर लहान की मोठे याने अर्थ बदलतो. लहान के दिले तर ऑफलोडची सद्यस्थिती दिसते, मोठे के दिले तर ती बदलते. जी म्हणजे रिंग बफर (पॅकेट तात्पुरती ठेवण्याची जागा), एल म्हणजे क्यूंची संख्या, सी म्हणजे इंटरप्ट (कार्डाने प्रोसेसरला दिलेली हाक) किती वेळाने उठवायचा. या तिन्हींनाही हाच नियम. एस मात्र वेगळे : मोठे एस आकडेवारी दाखवते, लहान एस वेग आणि डुप्लेक्स बदलते. चालू सर्व्हरवर यात गफलत झाली तर लिंक पडू शकते. लहान आय दिले की ड्रायव्हर, त्याची आवृत्ती आणि फर्मवेअर दिसते. अलीकडच्या कर्नलमध्ये ड्रायव्हरच्या आवृत्तीच्या जागी कर्नलचाच क्रमांक दिसतो, त्यात बिघाड काही नाही.

ड्रायव्हर कुठला घ्यावा? आमचे मत स्पष्ट आहे : लिनक्सच्या वितरणाच्या (रेड हॅट, उबुंटू वगैरे) कर्नलसोबत आलेला ड्रायव्हर चालत असेल तर तोच ठेवावा. तो कर्नलच्या प्रत्येक अद्ययावतीबरोबर आपोआप पुढे जातो आणि सिक्युअर बूटमध्ये (सही असलेलेच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) सहीचा प्रश्न येत नाही. निर्मात्याच्या संकेतस्थळावरचा ड्रायव्हर घ्यायला दोनच कारणे पुरेशी आहेत. कर्नल जुना आहे आणि तो कार्ड ओळखतच नाही, किंवा हवे ते वैशिष्ट्य आतल्या ड्रायव्हरमध्ये नाही. ‘नवा म्हणजे चांगला’ हे तिसरे कारण धरू नये.

बाहेरचा ड्रायव्हर घ्यायचाच असेल तर जीसीसी आणि मेक ही प्रोग्रॅम बांधण्याची साधने आणि चालू कर्नलशी तंतोतंत जुळणाऱ्या हेडर फाइली लागतात. ‘यूनेम आर’ जो क्रमांक दाखवेल तोच हेडरचा हवा. ड्रायव्हर शक्यतो डीकेएमएसमधून बसवावा, म्हणजे कर्नल बदलला की मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडला जाणारा ड्रायव्हर, पुन्हा बांधले जाते. हे केले नाही तर आज सर्व काही सुरळीत दिसते, आणि कर्नलच्या पुढच्या अद्ययावतीनंतर सर्व्हर एकतर जुन्या ड्रायव्हरवर परततो किंवा नेटवर्कशिवाय उठतो. सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेले मॉड्यूल ‘रिक्वायर्ड की नॉट अव्हेलेबल’ असे म्हणत नाकारले जाते. मोकयुटिल या आज्ञेने आपली सहीची की नोंदवावी लागते आणि पुढच्या बूटला येणाऱ्या निळ्या पडद्यावर तिला मान्यता द्यावी लागते. तो पडदा एसएसएचवर, म्हणजे दुरून घेतलेल्या जोडणीवर, दिसत नाही. आयड्रॅक, आयलो किंवा सर्व्हरचा पडदा दुरून दाखवणारा तत्सम कन्सोल आधीच उघडून ठेवावा.

मॉड्यूल काढणे आणि पुन्हा चढवणे या दोन आज्ञा दुरून देताना एकाच ओळीत, अर्धविरामाने जोडून द्याव्यात. पहिली आज्ञा चालताच तुमची स्वतःची जोडणी तुटते, दुसरी टाइप करायला कोणी उरत नाही. शेवटी इनिटरामएफएस, म्हणजे बूटच्या सुरुवातीला वापरली जाणारी छोटी फाइल-प्रतिमा, नव्याने बांधावी : रेड हॅट कुळात ड्रॅकट, डेबियन-उबुंटूत अपडेट-इनिटरामएफएस. ती राहिली तर बूटच्या सुरुवातीला जुनाच ड्रायव्हर चढतो आणि नवा डिस्कवर पडून राहतो. हे वारंवार राहून जाणारे पाऊल आहे.

ड्रायव्हर किंवा कर्नल बदलल्यावर पोर्टचे नावही बदलू शकते. नावाच्या शेवटी ‘एनपी०’ किंवा ‘एनपी१’ अशी शेपटी लागते, नेटवर्कच्या फाइलीत जुनेच नाव असते, आणि सर्व्हर उठतो पण जाळ्यावर येत नाही. यावर खात्रीचा उपाय म्हणजे सिस्टमडी या लिनक्सच्या सेवा-व्यवस्थापकाच्या लिंक फाइलीत कार्डाच्या मॅक पत्त्यावरून नाव कायमचे बांधून टाकणे.

फर्मवेअर आणि ड्रायव्हर ही जोडी आहे, दोहोंकडे एकत्रच पाहावे. ‘एनव्हीएमची (कार्डातल्या फर्मवेअरची) प्रत अपेक्षेपेक्षा नवी आहे, नवा ड्रायव्हर बसवा’ अशा अर्थाची ओळ आय४०ई ड्रायव्हर कर्नलच्या नोंदींत लिहितो. कार्ड तरीही चालत असल्याने ती कोणी वाचत नाही. ई८१० ची बाब त्याहून गंभीर आहे. त्याला डीडीपी नावाची वेगळी फाइल लागते, ती लिब फर्मवेअरखालच्या इंटेल, आइस, डीडीपी या फोल्डरात असावी लागते. ती सापडली नाही तर ड्रायव्हर ‘सेफ मोड’मध्ये जातो : लिंक लागते, पिंग जातो, पण आरएसएस आणि इतर प्रगत सोयी मिळत नाहीत. १०० जीबीपीएसचे कार्ड एका क्यूवर चालत राहते. ‘डीमेसेज’ या आज्ञेने दिसणाऱ्या कर्नलच्या नोंदींत आइस हा शब्द शोधला की दोन मिनिटांत हे कळते. व्हीएमवेअर या व्हर्च्युअल मशीन प्रणालीच्या सुसंगतता यादीत ड्रायव्हर आणि फर्मवेअर जोडीने दिलेले असतात, ती जोडी तशीच पाळावी.

कार्ड कोणत्या स्लॉटमध्ये बसवले आहे हेही पाहावे. तिसऱ्या पिढीच्या पीसीआयई स्लॉटला आठ लेन (डेटाचे मार्ग) असतील तर सुमारे ६३ जीबीपीएस मिळतात, चार असतील तर जेमतेम साडेएकतीस. २५ जीबीपीएसची दोन पोर्ट चार लेनवर एकाच वेळी पूर्ण वेगाने चालणे शक्यच नाही. काही मदरबोर्डवर खाच आठ लेनची आणि आतली जोडणी चारचीच असते. ‘एलएसपीसीआय’ दोन व्ही लावून रूट म्हणून चालवले की क्षमता आणि प्रत्यक्ष स्थिती अशा दोन ओळी दिसतात. दोन सॉकेटच्या सर्व्हरमध्ये कार्ड कोणत्या प्रोसेसरला जोडले आहे तेही न्यूमा नोडवरून, म्हणजे प्रोसेसर आणि त्याची मेमरी यांच्या गटावरून, समजते. कार्ड एकीकडे आणि त्याचा डेटा वापरणारी प्रक्रिया दुसरीकडे असेल तर प्रत्येक पॅकेटला दोन प्रोसेसरमधला पूल ओलांडावा लागतो.

आता ऑफलोड. एथटूलच्या यादीत काही ओळींपुढे ‘फिक्स्ड’ असते, ते बदलता येत नाही, त्यावर वेळ घालवू नये. ‘ऑफ’ आणि पुढे कंसात ‘रिक्वेस्टेड ऑन’ दिसले तर ते वैशिष्ट्य मागितलेले आहे, पण ज्यावर ते अवलंबून आहे ते कोणीतरी बंद केले आहे. सगळ्यात नेहमीचे उदाहरण म्हणजे पाठवण्याच्या बाजूचा चेकसम ऑफलोड बंद केला की टीएसओही बंद पडतो. कोणत्या तरी जुन्या तक्रारीवर ‘टीएक्स ऑफ’ असा तोडगा निघालेला असतो, तो स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये वर्षानुवर्षे राहतो आणि सर्व्हर निमूटपणे दुप्पट घाम गाळत बसतो. अशा ओळी शोधून काढाव्यात, त्या का घातल्या याची नोंद नसेल तर चाचणी करून काढून टाकाव्यात.

साध्या डेटाबेस किंवा फाइल सर्व्हरसाठी चेकसम दोन्ही बाजूंनी, टीएसओ, जीएसओ (तुकडे पाडण्याचे तेच काम कर्नलने करणे) आणि जीआरओ (आलेली पॅकेट कर्नलने एकत्र करणे) चालू असावेत. एलआरओबाबत मात्र सावधगिरी हवी. तो आलेली पॅकेट एकत्र करताना मूळ हेडरमधली माहिती गमावतो, त्यामुळे ती पुन्हा पूर्ववत तोडता येत नाहीत. जो सर्व्हर राउटर, फायरवॉल किंवा व्हर्च्युअल मशीनचा ब्रिज म्हणून काम करतो त्यावर एलआरओ बंदच हवा. आयपी फॉरवर्डिंग किंवा ब्रिज चालू केल्यावर लिनक्स तो स्वतःहून बंद करतो, तरी खात्री करून घ्यावी. जीआरओ पॅकेट अशा बेताने जोडतो की ती पुन्हा जशीच्या तशी सुटी करता येतात, म्हणून तो फॉरवर्डिंगला चालतो.

काही चिपवर ऑफलोडच त्रासाचे मूळ असते, हेही मान्य केले पाहिजे. ई१०००ई ड्रायव्हरच्या इंटेल आय२१७ ते आय२१९ या चिप छोट्या सर्व्हरवर आणि प्रॉक्समॉक्स या व्हर्च्युअल मशीन प्रणालीच्या यंत्रांवर भरपूर आढळतात. जास्त ट्रॅफिक आला की नोंदींत ‘डिटेक्टेड हार्डवेअर युनिट हँग’ येते आणि पोर्ट काही क्षण बंद पडून पुन्हा उठते. तिथे टीएसओ आणि जीएसओ बंद करणे हा योग्य उपाय आहे. १ जीबीपीएसला आजचा प्रोसेसर तेवढा भार सहज उचलतो. व्हीएक्सलॅन (पॅकेटला यूडीपीचे आवरण घालून नेण्याची पद्धत) वापरणाऱ्या कुबरनेटीस या कंटेनर-प्रणालीच्या जाळ्यांत वेगळी अडचण येते. एका नोडवरचा (यंत्रावरचा) पॉड (कंटेनरांचा गट) दुसऱ्या नोडवरच्या सेवेशी बोलताना अडतो, पिंग मात्र चालतो. बाहेरच्या यूडीपी आवरणाच्या चेकसमची गडबड हे त्यामागचे जुने, परिचित कारण आहे. त्या व्हीएक्सलॅन इंटरफेसपुरताच पाठवण्याचा चेकसम ऑफलोड बंद करून पाहावा, मूळ कार्डाला हात लावू नये. याच जाळ्यांत एमटीयूही, म्हणजे पॅकेटचा कमाल आकारही, तपासावा : आवरणाचे ५० बाइट जातात, म्हणून बाहेर १५०० असेल तर आत १४५० हवा.

विंडोज सर्व्हरवर ड्रायव्हर ‘पीएनपीयुटिल’ला आयएनएफ फाइल देऊन बसवता येतो, त्यासाठी निर्मात्याचे अवजड पॅकेज लागत नाही. हायपर-व्ही या मायक्रोसॉफ्टच्या व्हर्च्युअल मशीन प्रणालीच्या २०१२ च्या आवृत्तीत ब्रॉडकॉमच्या १ जीबीपीएस कार्डांवर व्हीएमक्यू (प्रत्येक व्हर्च्युअल मशीनला कार्डावर वेगळी क्यू देणारी सोय) चालू असल्यास व्हर्च्युअल मशीनचे नेटवर्क अतिशय मंदावते, हे मायक्रोसॉफ्टने स्वतः नोंदवले होते. तेव्हापासूनची यंत्रे काही कार्यालयांत अजून चालू आहेत. तिथे ड्रायव्हर नवा करावा, ते जमेपर्यंत त्या कार्डांवर व्हीएमक्यू बंद ठेवावे. आणि टीसीपी चिमणी ऑफलोडचा आग्रह सोडून द्यावा. मायक्रोसॉफ्टने तो मागे टाकला आहे आणि लिनक्सच्या मुख्य कर्नलने संपूर्ण टीसीपी कार्डावर नेण्याची ती कल्पना कधी स्वीकारलीच नाही.

ऑफलोड चालू असताना त्याच सर्व्हरवर टीसीपीडंप हे पॅकेट टिपणारे साधन लावले तर बाहेर जाणाऱ्या पॅकेटांचा चेकसम चुकीचा दिसतो आणि काही पॅकेट १५०० पेक्षा कितीतरी मोठी दिसतात. पॅकेट कार्डापर्यंत पोहोचण्याआधी टिपले जाते म्हणून असे दिसते. हे पाहून ऑफलोड बंद करणे ही नेहमी घडणारी चूक आहे. खरी स्थिती समोरच्या यंत्रावर किंवा स्विचच्या मिरर पोर्टवर पाहावी.

एथटूलने केलेला बदल रीबूटनंतर उरत नाही. नेटवर्कमॅनेजर असेल तर एनएमसीएलआयमधून त्या जोडणीच्या ‘एथटूल.फीचर’ गुणधर्मांत नोंद करावी, सिस्टमडी-नेटवर्कडी असेल तर लिंक फाइलीत. आरसी लोकल या बूटच्या वेळी चालणाऱ्या फाइलीत ओळ टाकून ठेवण्याची पद्धत आता थांबवावी. पोर्ट उशिरा उठले तर ती ओळ वाया जाते.

मोजणी आयपर्फ३ या वेग मोजणाऱ्या साधनाने करावी. एमटीयू १५०० असताना १० जीबीपीएस लिंकवर टीसीपीने सुमारे ९.४ जीबीपीएस मिळायला हवेत, उरलेले हेडरांत जाते. एकाच जोडणीने मोजले तर आरएसएसची परीक्षा होत नाही, कारण एका जोडणीची सगळी पॅकेट एकाच क्यूत येतात. आठ समांतर जोडण्या लावाव्यात. ३.१६ च्या आधीचे आयपर्फ३ समांतर जोडण्याही एकाच थ्रेडवर चालवते, तेव्हा आवृत्ती आधी पाहावी, नाहीतर साधनाच्या मर्यादेचा दोष कार्डावर येईल. चाचणीच्या आधी आणि नंतर एथटूलची आकडेवारी जतन करून फरक काढावा. आयएक्सजीबीईमध्ये ‘आरएक्स मिस्ड एरर्स’, एमएलएक्स५ मध्ये ‘आरएक्स आउट ऑफ बफर’ वाढत असेल तर यंत्र पॅकेट वेळेत उचलत नाही. मग रिंग ५१२ वरून २०४८ वर न्यावी, सीआरसीचे दोष (वाटेत बिघडलेल्या फ्रेम) वाढत असतील तर मात्र केबल आणि एसएफपी (पोर्टात बसणारे मॉड्यूल) बदलावे. रिंग बदलताना बऱ्याच ड्रायव्हरांत लिंक क्षणभर पडते, म्हणून हे काम कामकाजाच्या वेळेत करू नये.

ज्यांच्याकडे ओपन व्हीस्विच या सॉफ्टवेअर स्विचवर शेकडो व्हर्च्युअल मशीन आहेत त्यांनी पुढच्या पायरीचा विचार करावा. कनेक्टएक्स-५ सारखे कार्ड स्विचचे नियम स्वतःच्या हार्डवेअरमध्ये घेऊ शकते. बायोसमध्ये आयओएमएमयू आणि एसआर-आयओव्ही (एका कार्डाचे अनेक आभासी भाग करण्याची सोय) चालू करून व्हर्च्युअल फंक्शन, म्हणजे ते आभासी भाग, तयार करावीत, ती ड्रायव्हरपासून सोडवून डेव्हलिंक या आज्ञेने कार्ड ‘स्विचडेव्ह’ अवस्थेत न्यावे, पोर्टवर ‘एचडब्ल्यू-टीसी-ऑफलोड’ आणि ओपन व्हीस्विचमध्ये ‘एचडब्ल्यू-ऑफलोड’ चालू करून सेवा पुन्हा सुरू करावी. हा क्रम मोडू नये. झाल्यावर ‘टाइप=ऑफलोडेड’ असे मागून प्रवाहांची यादी पाहावी. ती रिकामी असेल तर सगळे काम सॉफ्टवेअरमध्येच चालले आहे. कार्डाला न पेलणारा नियम निमूटपणे सॉफ्टवेअरकडे परततो आणि वापरणाऱ्याला कुठलीही चूक दिसत नाही, म्हणून ही यादी नियमित पाहावी लागते.

आता मूळ मागणी. संस्थांनी निविदेतली ती एक ओळ वाढवावी. कार्डाची चिप नावाने लिहावी. स्लॉटच्या प्रत्यक्ष लेन किती ते लिहून घ्यावे. पुरवठादाराने ड्रायव्हर आणि फर्मवेअरची निर्मात्याला मान्य असलेली जोडी बसवून तिचे क्रमांक द्यावेत. स्वीकृती चाचणीत दोन्ही दिशांनी ९.४ जीबीपीएस मिळावेत, त्या काळात पॅकेट गळतीचे आकडे मुळीच वाढू नयेत, आणि कर्नल अद्ययावत करून सर्व्हर पुन्हा सुरू केल्यानंतर हीच चाचणी परत घ्यावी. दुसऱ्या चाचणीचा अहवाल हाती येईपर्यंत बिलाचा शेवटचा हप्ता देऊ नये. या अटींनी सर्व्हरची किंमत वाढत नाही, दोन यंत्रे आणि एक केबल एवढ्यावर ही चाचणी एका दुपारी होते.

आपले,
सर्व्हर आणि नेटवर्क व्यवस्थापनाचे काम करणारे काही वाचक, पुणे